सव्वीस फुटांचा हॉल

गल्लीत त्याला सगळे फिरकी म्हणत, आणि धंदा पाहता त्यात खोटं काही नव्हतं. हॉटेलच्या खोलीत मधोमध स्टँड रोवायचा, त्यावर कॅमेरा चढवायचा, तो गरागरा फिरवून चारही भिंतींचे फोटो काढायचे आणि एकमेकांना चिकटवायचे. मग प्रवाशाने घरी बसून स्क्रीनवर बोट ओढलं की खोली त्याच्याभोवती फिरते. दारावर टिचकी मारली की तो थेट बाथरूममध्ये. याला व्हर्च्युअल टूर म्हणतात. (फिरकीची बायको याला 'लोकांना घरपोच गंडवणं' म्हणे. पण तिला कलेतलं काही कळत नाही, हे फिरकीने लग्नानंतर आठवड्याभरातच ठरवून टाकलं होतं.)

त्याची खरी करामत भिंतींमध्ये होती. त्याच्या कॅमेऱ्यासमोर भिंती घाबरून मागे सरकत. ज्या खोलीत बॅग आत ठेवल्यावर माणसाला बाहेर उभं राहावं लागे, ती खोली त्याच्या टूरमध्ये पाहिली की बॅडमिंटनची रॅकेट शोधावीशी वाटे.

एकदा चाळीस खोल्यांच्या एका हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्याला नमुना मागितला. जुने नमुने दाखवण्यासारखे राहिले नव्हते. त्या हॉटेलांत लोक प्रत्यक्ष राहून आले होते. तेव्हा फिरकीने ठरवलं, आपलंच घर काढू. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कॅमेऱ्याला चहूकडचं दिसतं, म्हणून वाळत घातलेले कपडे पलंगाखाली कोंबले आणि बायकोला दोन तास जिन्यात बसवलं.

"आपल्या घरात मी मावत नाही, हे आधी सांगायचं होतं," ती म्हणाली.

टूर अशी झाली की फिरकी स्वतःच हरखला. 'प्रशस्त कौटुंबिक गेस्ट हाऊस' असं नाव देऊन त्याने ती मालकीणबाईंना पाठवली. तेवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण कौतुकाचा हावरट माणूस तो. नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकून मोकळा झाला.

त्या ग्रुपमध्ये त्याचे सासरे होते. आयुष्यभर जमिनी मोजलेला हा निवृत्त सर्व्हेअर सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं एकटा राहत होता. वर्षातून दोनदा ते फोनवर विचारत, "महिनाभर येऊ का?" आणि फिरकी दोन्ही वेळा सांगे, "या की बाबा, पण घर म्हणजे काडेपेटी. तुमचेच हाल होतील." बायको ते ऐके आणि त्या दिवशी पुढे फारसं बोलत नसे.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सासरे, त्यांची ट्रंक आणि लोखंडी घडीची खाट.

"मी वीसदा फिरलो तुमच्या घरातून," ते म्हणाले. "सोफा आणि खिडकी यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. तिथे खाट बसेल. फरशा मोजल्या मी. हॉल सव्वीस फूट."

"बाबा, ती फरशी एक फुटाची आहे," बायको म्हणाली.

"मला दोन फुटांची वाटली." त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग बाहेर जाऊन दारावरचा नंबर पाहिला. "घर हेच ना?"

सोफा आणि खिडकी यांच्यामध्ये मांजर जेमतेम वळलं असतं. तरीही खाट उघडली गेली. ती उघडताच स्वयंपाकघराचं दार अडलं आणि चहा ठेवायला गेलेली बायको आत कोंडली गेली. सासऱ्यांनी शांतपणे खिशातून टेप काढली.

"जावईबापू, एक सांगा. तुम्ही मला खोटं सांगत होतात की लोकांना?"

"बाबा, लेन्स असते ना..." एवढंच फिरकीच्या तोंडून कसंबसं निघालं.

"माझ्या मुलीने विचारलं असतं तर मी जमिनीवरही झोपलो असतो," सासरे टेप ओढत म्हणाले. दाराआड भांड्यांचा आवाज थांबला.

नेमकी तेव्हाच पुन्हा बेल वाजली. मालकीणबाई स्वतः आल्या होत्या, फिरकीचं ऑफिस बघायला. ऑफिस म्हणजे हेच घर, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी निळे पडदे पाहिले, सोफा पाहिला आणि त्या खाटेच्या कडेवर टेकल्या, कारण दुसरीकडे टेकायला जागा नव्हती.

"हे गेस्ट हाऊस?"

"तेरा बाय नऊ," सासऱ्यांनी कोपऱ्यातून माप सांगितलं. "आणि ती भिंत एका बाजूला दोन इंच आत आलीय."

मालकीणबाई फिरकीकडे न बघता सासऱ्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुणे येतात, दारात उभे राहतात आणि विचारतात, उरलेली खोली कुठेय. मागच्या फोटोवाल्याचे उपकार. मला प्रत्येक खोलीखाली खरं माप लिहायचंय. चाळीस खोल्या आहेत. कराल?"

"करेन. पण मग मला इथे राहावं लागेल."

"राहा ना बाबा," दाराआडून आवाज आला. तो आवाज फिरकीने तीन वर्षांत ऐकला नव्हता. "आम्ही दोघं जमिनीवर झोपू. आधी ती खाट सरकवा."

खाट सरकली, चहा झाला, सोमवारी सकाळी नऊची वेळ ठरली. एवढं सगळं होईपर्यंत फिरकीला कोणी काही विचारलं नव्हतं.

"आणि फोटो?" शेवटी त्यानेच विचारलं.

"ते माझी पुतणी मोबाईलवर काढते. सरळ उभी राहून काढते," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांना जरा दया आली असावी. "यांना ने-आण करायला कोणीतरी लागेलच. तुमच्याकडे स्कूटर आहे ना?"

फिरकीने मान डोलावली. नाही म्हटलं तरी काम हॉटेलातलंच होतं.

"स्कूटर मी चालवेन," सासरे टेप गुंडाळत म्हणाले. "जावईबापूंचा अंतराचा अंदाज बरा नाही."