अकरा तिरप्या विटा

हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात ढोबळे काकाजींना कोणी आपण होऊन घरी बोलावत नाही. माणूस वाईट नाही, पण चहा घेण्याआधी ते यजमानाची भिंत वाजवतात. बोटाच्या पेराने टकटक करतात, कान लावतात आणि निकाल देतात, "बद्द!" माझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी भटजींसमोर चारही भिंती नापास केल्या. बायको अजून ते विसरलेली नाही.

काकाजी रेल्वेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. शेजारचं लाल विटांचं घर त्यांचं. आजोबांनी भंडाऱ्याहून येऊन चुन्यात बांधलेलं, बिनगिलाव्याचं. त्या विटा खणखणीत वाजतात, हे मी मान्य करतो. न करून सांगतो कोणाला? पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला मात्र ते बिल्डरला द्यायचं आहे. "पापा, ईंट ही तो है," तो फोनवर म्हणतो. वारसा इमारतींच्या यादीत नाव चढलं की घर पाडता येत नाही, एवढं काकाजींना कुठून तरी कळलं आणि माझे रविवार संपले.

कारण अर्ज मी लिहायचे. "तू सरकारी बाबू. तुले ते 'सेवा में, महोदय' जमते." आठवडाभर ऑफिसात तेच, रविवारी घरी तेच. फॉर्मात एक रकाना होता, या घरात कोणी विशेष व्यक्ती राहून गेली का? काकाजी दर वेळी चिडायचे. "लिव, कोणीच नाही. माणूस काहून पाहिजे? इटा पहा न!" मी रकाना रिकामा सोडायचो.

तीन वर्षांनी समिती आली. काकाजींनी मोठ्या साहेबांनाही भिंत वाजवायला लावली. साहेब खूश. मग मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक ठिगळ दिसलं. वेड्यावाकड्या विटा, बाहेर ओघळलेलं सिमेंट.

"बस, इसे पुरानी चुनाई जैसा करवा दीजिए," साहेब म्हणाले, "नाम चढ़ जाएगा."

ठिगळ फोडून विटा नीट रचायच्या, एका दिवसाचं काम. मी मनातल्या मनात पेढे वाटले. तेवढ्यात काकाजी म्हणाले, "नाही जमत."

साहेब गेल्यावर मी त्यांच्यावर ओरडलोच. तेव्हा त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी भर पावसात ती भिंत फुटली. गवंडी अभनपूरकडचा, तो हरेलीला गावी निघाला. त्या सणाला अवजारांची पूजा करतात, ती वापरत नाहीत. थापी धुऊन, गुलाल लावून त्याने पाटावर ठेवली आणि हात लावू नका म्हणून त्याच्या बोलीत बजावलं, "आज औजार ला हाथ झन लगाहू." इकडे पाणी चुलीपर्यंत आलं. रेल्वेचं बांधकाम खातं हात बांधून उभं. शेवटी काकूंनी थापीला नमस्कार केला, पदर खोचला आणि अकरा विटा लावल्या.

"मी मांगून म्हणून राहिलो, तिरपी होऊन राहिली, तिरपी होऊन राहिली," काकाजी म्हणाले. "ती गेली तरी कधी चांगलं म्हटलं नाही मी. वाजवून पाहिलं अन् बद्द म्हटलं."

काकूंना जाऊन चार वर्षं झाली.

"त्या अकरा विटांपायी अख्खं घर जाईल, काकाजी."

"हव," ते म्हणाले.

परवा रविवारी ते आले आणि भिंत न वाजवता बसले. मी चरकलो. दिवाळीत मुलगा सौदा करायला येतोय, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी खिशातून कोरा फॉर्म काढला.

"पुन्हा? अहो, साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"घरासाठी नाही. त्या ठिगळापुरता भर. नाही म्हणतीन तं म्हणू दे." मग त्यांनी त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं लिव. सुमन ढोबळे."

पुढचा रकाना त्या व्यक्तीच्या कार्याचा होता. मी न विचारता लिहिलं, ग्यारह ईंटें. डोळ्यांत पाणी आलं होतं, अक्षर जरा तिरपंच आलं. काकाजींनी कागद दूर धरून वाचला.

"राहू दे," ते म्हणाले. "चांगलं आहे."