सुभेदारांचं थांबलेलं घड्याळ

बंद घड्याळ दिसलं की इस्लामपूरच्या बाळासोचे हात शिवशिवायचे! नोकरी साखर कारखान्यात, कारकुनाची. पण जीव सगळा घड्याळात. एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याची तबकडी असं जुळवून तो एक नवंच घड्याळ उभं करायचा आणि चारचौघांत मनगट पुढं करून म्हणायचा, "मी हात लावला आन सुरू झालं न्हाई, असं घड्याळ अजून जन्माला यायचंय!"

ह्यात खोटं काही नव्हतं. सुरू झाल्यावर ती घड्याळं पुढं काय करायची, ते मात्र कुणी विचारायचं नाही. एक तर सकाळी घोड्यासारखं पळायचं आणि दुपारनंतर बैलासारखं बसायचं!

लग्नानंतर बाळासो पहिल्यांदाच सासुरवाडीला मुक्कामाला आला होता. गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला. सासरे सुभेदार लालासाहेब, पलटणीतून निवृत्त. आवाज असा, की ते अंगणात खाकरले तर गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची! दुसऱ्या दिवशी साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा होता आणि त्यात सुभेदारांचा सत्कार. घरदार जाणार होतं.

सकाळी सुभेदारांनी रुमालात बांधलेलं जुनं मनगटी घड्याळ जावयापुढं ठेवलं.

"पावणं, उद्या मेळाव्यात दाखवायचंय. काच तेवढी लखलखीत करा. बाकी कशाला हात लावू नगा."

"मामा, बंद दिसतंय..."

"असू द्या बंद! तुमाला कशाला तरास?"

इथंच सगळा घोटाळा झाला! आपल्याकडं जावयाला काम सांगायचं म्हणजे सासऱ्याची जीभ जड होते. तहानेनं घसा कोरडा पडला तरी म्हातारा जावयाकडं पाणी मागायचा नाही. बाळासोनं मनात ताडलं, मामा संकोचतायत! दुरुस्त व्हावं असं मनात लई आहे, पण तोंडानं म्हणवत नाही. वा रे सासरा!

माडीवर जाऊन त्यानं कायम बरोबर बाळगलेली हत्यारं काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि पाठीचं झाकण उघडलं. आत सगळी तपकीर! हो, नाकात ओढायची तपकीर. चाकाच्या दातादातांत थर बसलेला. त्यानं पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून चाक न् चाक धुतलं, सुईच्या टोकानं तेलाचा थेंब सोडला आणि चावी दिली. टिक, टिक, टिक! बाळासोला आनंदानं राहवेना. त्यानं चावी फिरेल तेवढी फिरवली आणि घड्याळ घेऊन तो थेट स्वयंपाकघरात धावला.

त्याची बायको अंजना भाकरी थापत होती. टिकटिक ऐकली आणि तिच्या हातातली भाकरी चुलीत पडली.

"आवं, काय करून बसलाय हे?"

"का गं? सुरू केलं!"

"आबांचं घड्याळ सुरू केलं? तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय? लढाईत, तिकडं इटलीत, आबांच्या पुढ्यात तोफेचा गोळा पडला. आबा वाचले, आन घड्याळ थांबलं. आई म्हनती, आबांचं मरण ह्या घड्याळानं आपल्या अंगावर घेतलं! जवर घड्याळ बंद, तवर मरण बंद. दर दसऱ्याला ती त्याला हळदकुंकू वाहती!"

बाळासोनं घड्याळ पटकन मुठीत दाबलं. "मग... मग आता?"

"आता काय! माझ्या बापाचं मरण चालू केलं तुमी!" अंजनाच्या डोळ्याला धार लागली.

तेवढ्यात बाहेर सुभेदार उंबऱ्याला ठेचकाळले. "आयला!" म्हणाले. मग ओळीनं चार वेळा शिंकले. एरवी म्हातारा दिवसभर शिंकायचा, पण आज प्रत्येक शिंकेला बाळासोच्या काळजात धस्स व्हायचं. सुरू झालं म्हणायचं! बघता बघता म्हातारा जाणार, सासू आपल्या नावानं बोटं मोडणार, बायको माहेरीच राहणार!

तो माडीवर पळाला. घड्याळ बंद करायला हवं, आत्ताच्या आत्ता! चावी बाहेर ओढली. काटे थांबले, पण आतली टिकटिक थांबेना. उशीखाली दाबलं, तिथंही टिकटिक. जन्म घड्याळं सुरू करण्यात गेला, बंद कशी करायची ते शिकायचंच राहिलं! आणि चावी तर गच्च भरलेली. काट्यानंच काटा काढावा म्हणून तो हळूच खाली आला, सुभेदारांच्या डबीतली चिमूटभर तपकीर चोरली आणि झाकण उघडून चाकांवर भुरभुरली. टिक... टिक... आणि गप्प!

जीव भांड्यात पडतो न पडतो तोच नवं संकट! काटे पहिल्यांदा कुठं होते? ते बघितलंच नव्हतं!

"आत्याबाई, मामांच्या घड्याळात किती वाजलेत हो?" त्यानं साळसूदपणे सासूबाईंना विचारलं.

चंद्राबाईंनी आधी घड्याळाच्या नावानं हात जोडले. "सकाळचं धा! न्ह्यारीच्या वक्ताला गोळा पडला."

"वैनी, काय बी काय!" ओसरीवर बसलेला शेजारचा केरबा म्हणाला. "तीन वाजल्यात. मी सोताच्या डोळ्यानं बघितलंय."

अंजना सहा म्हणाली. आता काय करता! काचेवर इतके ओरखडे होते, की ज्याला जो ओरखडा दिसला तो त्याचा काटा. बाळासोनं सासूबाईंचं ऐकलं, दहा वाजवले, दंतमंजनानं काच घासली आणि घड्याळ रुमालात बांधून सुभेदारांच्या हवाली केलं. रात्रभर त्याला झोप नाही. पलीकडं सुभेदारांचं घोरणं जरा थांबलं, की हा अंथरुणात उठून बसायचा!

दुसऱ्या दिवशी एसटीनं सगळे साताऱ्याला निघाले. रस्ता असा, की पोटातलं पाणी डोक्यात जावं. सुभेदारांच्या कोटाच्या खिशात घड्याळ आणि बाळासोची नजर त्या खिशावर.

मांडव गच्च भरला होता. छातीवर बिल्ले लावलेले म्हातारे, पुढच्या रांगेत बायका, मंचावर एक मोठे लष्करी साहेब. नारळ, शाल, हार झाला. सुभेदार मायकापुढं उभे राहिले.

"गोळा पडला. धुरळा उडाला. मी जिता राह्यलो, पर माझं मरण घेऊन ह्यो गडी थांबला तो थांबलाच! बघा!"

असं म्हणून त्यांनी घड्याळ वर धरलं, नेमकं मायकाच्या तोंडाशी.

टिक! टिक! टिक! टिक!

चारी कर्ण्यांतून आवाज घुमला. एसटीच्या धक्क्यांनी तपकीर निखळली होती! म्हातारे माना उंचावून बघू लागले. चंद्राबाई पदर तोंडाला लावून उभ्याच राहिल्या. "आवं, खाली ठेवा ते!" त्या ओरडल्या. बाळासोनं पळायला वाट बघितली, पण अंजनानं त्याचं मनगट असं धरलं होतं की जागचं हलता येईना. मंचावर सुभेदारांनी घड्याळाकडं बघितलं. मग जावयाकडं बघितलं. बाळासोनं मनातल्या मनात मेढ्याच्या, इस्लामपूरच्या, वाटेतल्या सगळ्या देवांना नवस बोलून टाकले.

सुभेदारांचा आवाज एकदम चढला. "आयका, गड्यांनो! इतकी वर्षं ह्यो गप हुता. आज आपली पलटण एका जागी बघितली, आन ह्याच्यात पुन्ना जीव आला! माझं मरण गेलं ते गेलंच, आता उरलं ते निस्तं आयुष्य!"

टाळ्यांनी मांडव हादरला. साहेबांनी उठून सलाम ठोकला. म्हातारे शिपाई ढसाढसा रडले. चंद्राबाईंनी भर सभेत घड्याळाकडं हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली.

सभा सुटल्यावर सुभेदारांनी त्याला दंडाला धरून मांडवामागं नेलं.

"मामा, चुकलं! मी फक्त आतली तपकीर..."

"हळू!" सुभेदारांनी घाबरून मागं बघितलं. बाळासो चाट पडला. तो आवाज, ती छाती, आणि म्हातारा चक्क कापत होता! "तपकिरीचं नाव काढू नगा. गोळा पडला ते खरं, पर घड्याळ त्येच्या आधीच तपकिरीनं बसलं हुतं. आता हिला कळलं तर माझी डबी हिरीत जाईल! मायकापुढं उभा हुतो तवा इटलीत भ्यालो न्हाई इतका भ्यालो."

"मी कुणाला बोलायचा नाही, मामा. शपथ!"

"शाणं हाय तुमी." सुभेदारांनी इकडंतिकडं बघून घड्याळ जावयाच्या मुठीत कोंबलं. "पुढच्या महिन्यात तुमच्याच इस्लामपुरात सत्कार हाय माझा. तवर हे बंद पाडा. आन तिथं मी 'जीव आला' म्हनल्याबरोबर सुरू झालं पायजे बरं का, पावणं! आज जरा लौकर झालं."