पंख्याच्या जागीं सभा हसली, त्याची हकीकत

श्री. वाग्देवी कृपा करो, आणि ज्यांस वेळेवर बोलतां न आलें त्यांस क्षमा करो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी, शुक्रवार, ते दिवशीं तिसरे प्रहरीं राजधानींत जें वर्तलें आणि पुढें त्याचें जें जाहलें, तें जैसें जाहलें तैसें येथें लिहिलें आहे.

राज्य थोर, प्रजा खाऊनपिऊन सुखी, परंतु हसण्याचे कामीं फार भित्री. कारण कीं पूर्वीं एका खेळांत सोंगाड्या पाय घसरून पडला आणि प्रजा खदखदां हसली, तों सोंग खुद्द प्रधानांचें निघालें, आणि दुसरे दिवशीं पुढल्या चार रांगा नोकरीवरून घरीं बसल्या. तेव्हांपासून दस्तूर पडला कीं उपहासाचा खेळ असेल तर पडद्यासमोर बैठक मांडावी, तीवर हुंकारकरीण बसवावी, तिणें संहिता आधीं वाचून ठेवावी, जेथें हसावयाचें तेथें प्रथम तिणें हसावें आणि मग सभेनें हसावें; ती गप्प तर सभा गप्प. हा दस्तूर इतका मुरला कीं घरीं चार माणसें बसलीं तरी कोणी विनोद केला असतां एकमेकांचे तोंडाकडे पाहात.

ते समयीं चित्रकर्ते गिरमाजीपंत यांचा लौकिक ऐसा कीं त्यांचे चित्रास जातां लोक पायताण थिएटराचे दारीं काढीत. पंतांनीं सात वर्षें खपून ‘वाराखातें’ नामें नवें चित्र सिद्ध केलें, आणि बैठकीवर आपली जुनी शिष्या म्हाळसाबाई हीस बसवावें ऐसा आग्रह धरिला. बाईंनीं पंतांचे पाठशाळेंत चार वर्षें काढिलीं होतीं, बुद्धि तीक्ष्ण, परंतु लग्न जाहलें आणि मग ठकी जाहली, ती आतां दहा महिन्यांची. पंतांनीं महिनाभर आधीं संहितेचीं चार बाडें घरीं पाठविलीं. पैकीं दोन बाडें बाईंनीं एका हातानें पाळणा हालवीत वाचिलीं, आणि तिसरें सोडावें तों ठकीस दांत येऊं लागले, आणि मग ताप भरला, आणि मग बाडाचें बासन सुटलेंच नाहीं. आणि पंतांनीं निरोप पाठवून विचारिलें, “वाचून झालं का?” तेव्हां बाईंनीं “झालं, फार उत्तम” ऐसें लिहून दिधलें. येथूनच सर्व अनर्थ.

पंचमीस दोन प्रहरीं सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, हसायच्या कामावर निघालात, मग तापलेलं पोर कशाला बरोबर? ठेवा माझ्याजवळ.” बाई बोलिल्या, “तुमच्याजवळच ठेवलं असतं हो. पण माझा हात तिच्या कपाळावर नसला ना, तर मला पडद्यावरचं काही दिसायचं नाही.” आणि ठकीस शालींत गुंडाळून बैठकीवर जाऊन बसल्या.

चित्र साडेतीन तासांचें. एका राज्यांत वारा कमी पडला म्हणोन वारा मोजावयाचें खातें उघडितात, इतकें पहिले घटकेस सर्वांस समजलें, आणि बाईही जागच्या जागीं नेमक्या हसल्या आणि सभाही त्यांमागें हसली. मग एक उंट निवडणुकीस उभा राहिला, आणि मग दोन राण्यांचें भांडण निघालें, आणि त्यांतून युद्ध, आणि युद्धांत गाणें, आणि गाण्यांत पुनः पहिली राणी, परंतु वेष दुसरीचा. मागील रांगेंत कुजबूज चालली. “हे आता कुणाचं चाललंय?” “मघाशी उंटाचं होतं.” “मग उंट कुठाय?” “येईल की मध्यंतरानंतर. गिरमाजीपंत आहेत ते, उगीच का उंट आणतील?” उंट पुनः आला नाहीं. परंतु पंतांचें चित्र, म्हणोन जो तो आपणांसच कांहीं कळत नाहीं ऐसें समजून मान डोलावीत बसला.

मध्यंतर जाहलें आणि बाईंचीं वाचिलेलीं बाडें संपलीं. पुढें अंधारांत चाचपडणें. बाई सावधपणें क्वचित हसत, बहुधा गप्प राहात, आणि हात ठकीचे कपाळावर, तें भट्टीसारिखें. ऐसा तास गेला. मग पडद्यावर वाराखात्याचा म्हातारा कारकून घरीं आला. आई अंथरुणावर मरून पडली होती. तो तिचे उशाशीं बसला, वाळ्याचा पंखा उचलिला आणि मेल्या आईस वारा घालूं लागला. ना वाद्य, ना शब्द, केवळ पंखा हाले. त्याच क्षणीं बाईंचे हातास ठकीचें कपाळ ओलें लागलें. घाम फुटला होता. ताप उतरला होता. ठकीनें डोळे उघडून आईची नथ धरिली आणि बोळक्यानें खिदळली, आणि बाईंचे छातीवरील तीन दिवसांचा धोंडा उतरला, आणि त्या मोकळ्या गळ्यानें हसल्या.

आणि सभा हसली. इतक्या वेळांत जितकें साठलें होतें तितकें हसली. पोट धरून हसली, मांड्या थोपटून हसली. बाईंनीं मान वर केली तों पडद्यावर प्रेत आणि पंखा. हसूं ओठांवरच वाळलें. कोपऱ्यांत गिरमाजीपंत उभे होते, ते सभेकडे न पाहतां एकट्या बाईंकडे पाहात होते.

दुसरे दिवशीं चौकोचौकीं तोच विषय. कोणी म्हणे चित्र पसरट, कोणी म्हणे खोल, आणि जे खोल म्हणत त्यांस काय खोल ऐसें पुसलें असतां रागावत. शेवटीं जिवबाशास्त्री, ज्यांचे मतावर राजपत्राचें पान चाले, त्यांणीं लिहिलें कीं पसारा थोर आणि आवरतां आला नाहीं, परंतु पंख्याची जागा ही ऐसी कीं राज्यांत इतका निर्दय विनोद जाहला नाहीं. मग सर्वांस सुटल्यासारिखें वाटलें, आणि जो तो म्हणूं लागला, “मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.”

तिसरे दिवशीं पंत स्वतां बाईंचे घरीं आले. सासूबाईंनीं गूळपाणी ठेविलें. पंत म्हणाले, “पोरी, एक विचारू? तू हसलीस तिथं मी हसण्याजोगं काही केलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा मी असाच बसलो होतो. सकाळपर्यंत वारा घातला तिला. पण तू चारी बाडं वाचलीस, चार वर्षं माझ्याजवळ शिकलीस. तू हसलीस म्हणजे माझंच कुठंतरी चुकलं असणार. काय दिसलं तुला, सांग.” न वाचिलें म्हणावें तर लेखी खोटें उघडें पडे, आणि सासूबाई दारांतच उभ्या. बाई बोलिल्या, “गुरुजी, जन्मभर वारा मोजणारा माणूस शेवटी मेलेल्यालाच वारा घालतो. उपहासाचा कळसच आहे तो.” पंतांनीं क्षणभर डोळे मिटिले आणि म्हणाले, “असं होय. मला सुचलं नव्हतं.” आणि गूळपाणी तैसेंच ठेवून गेले. सासूबाई म्हणाल्या, “केवढं बाई बोललात! चार वर्षं फुकट नाही गेली.” बाईंस तोंड कोठें लपवावें तें कळेना.

पंतांनीं त्या जागीं ताशा घातला. पंखा हाले तसा ताशा वाजे, आणि खेळावर खेळ भरूं लागले, आणि दरबारांतून पंतांस शेला आला, आणि ‘रसिकांस वाट दाखविली’ म्हणोन एक शेला म्हाळसाबाईंसही आला. शेजारणी पाहावयास आल्या आणि पोत चिवडून म्हणाल्या, “नशीब लागतं हो.” त्या गेल्यावर बाईंनीं तिसरे बाडाचें बासन सोडिलें. पंख्याचे पानावर समासांत पंतांचे हातचें होतें: ‘येथें कोणी हसूं नये. बाईंनीं सभा धरून ठेवावी. म्हणूनच म्हाळसा हवी.’

मग बाई ठकीस कडेवर घेऊन पंतांचे कामाचे खोलींत गेल्या आणि उभ्यानेंच म्हणाल्या, “गुरुजी, मी खोटं बोलले. हिचा ताप उतरला म्हणून हसले होते मी. पडद्याकडे लक्षच नव्हतं माझं.” पंत म्हणाले, “पण मी तर समासात लिहून ठेवलं होतं.” बाई कांहीं काळ ठकीचें झबलें नीट करीत राहिल्या आणि म्हणाल्या, “वाचलं नव्हतं. दोनच बाडं वाचली होती. शेला आला, तेव्हा तिसरं सोडलं.” पंतांनीं ठकीकडे पाहिलें. मग म्हणाले, “ताप परत नाही ना आला?” बाईंनीं नाहीं म्हणोन मान हालविली. ते रागें भरते तर बरें होतें. पंत म्हणाले, “ताशा काढतो. वद्य पंचमीला बैठकीवर या.” पूर्वीं ते बाईंस अहोजाहो करीत नसत.

वद्य पंचमीस सभा दाटीनें भरली. ताशा काढिला होता. बाई बैठकीवर कंबर ताठ करून, ओठ मिटून बसल्या. पडद्यावरील कारकुनानें घराचे दारास हात लाविला मात्र, आईचें अंथरूण अद्याप दिसलेंही नव्हतें, तों पाठीमागें हसूं फुटलें. पंखा उचलिला तेव्हां कोणी तोंडानें ताशा धरिला, “तडम्, तडम्, तडतडम्,” आणि सर्व सभेनें ताल दिला. बाई उठल्या, पडद्याकडे पाठ करून सभेसमोर उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हात वर करून थांबा, थांबा, ऐसें खुणावूं लागल्या. आजवर त्यांचे तोंडाकडे पाहिल्यावांचून ज्यांस हसूं येत नव्हतें ते सर्व हसतच होते. पहिल्या रांगेंतील एक प्रौढ बाई, भल्या मनाची, डोळे पुसत म्हणाली, “बसा हो बाई तुम्ही खाली, दमलात. ही जागा आता आमची आम्हाला येते.”

एकूण मजकूर ऐसा कीं चित्र शंभर दिवस चाललें, जिवबाशास्त्र्यांचें मत खरें ठरलें, आणि म्हाळसाबाईंनीं बैठक सोडिली. पंतांनीं पुढें दोन चित्रें केलीं, दोन्हीं आटोपशीर, दोन्हींत कोणाची आई नाहीं. राजपत्रांत यांतील कांहीं लिहिलेलें नाहीं, म्हणोन येथें लिहिलें. वाचणारानें येथें हसूं नये ही विनंती. त्याउपरि ज्याची त्याची मर्जी.