विष्णुपंतांच्या मोटारीची सर्दी

“आरं, म्हसरं हाकायची अक्कल न्हाय तुला, अन् मोटार बरी करतूस व्हय रं?”

आमचा बाप बलभीम, विष्णुपंत वकिलांच्या अंगणात उभा राहून वरडत हुता. बाप त्यांच्याकडंच गडी.

“म्हसरं हाकायला अक्कल लागत न्हाय, आबा. म्हणून तर ती तुमीच हाका!” म्या म्हणलं.

झालं! बापानं पायताण काढलं. वकील मधी पडले म्हणून, न्हायतर मोटारीआधी मलाच धक्का मारावा लागला असता.

तर मी रेवणसिद्ध. वय सतरा. शाळा सोडून दीड वरीस झालं. निजामाच्या राजात समदं उर्दूतनं घोकलं. पोलीस ॲक्शन झाली, तवा मास्तर म्हणले, आता तेच मराठीतनं घोका. म्या म्हणलं, एकदा इसरलेलं परत कशाला इसरायचं? अन् दप्तर कोनाड्यात फेकलं! मग सोलापुरात ईरण्णा मिस्त्रीकडं तीन महिने नटबोल्ट रॉकेलात धुतले. तवापासून मोटारीचं कुठलंबी दुखणं मला नुसत्या आवाजावरनं कळतंय. धाराशिवात माझ्यावाणी मिस्त्री न्हाय. (मोटारीबी चारच हायत, पर ते सोडा.)

वकिलांनी हैदराबादहून जुनी मोटार आणलेली. पौषाच्या थंडीत ती सकाळी उठायचं नावच घेत न्हवती. पेन्शनरावाणी आधी खोकायची, मग परत निजायची. त्या दिवशी अकराला वकिलांची तुळजापूरच्या कोर्टात तारीख.

वकील म्हणले, “रेवणसिद्धा, आज गाडी चालू करून दे. आजपासून ती तुझ्या हवाली. खाकी डगला शिवून देतो. लायसनचं पुढं बघू.”

“अन् न्हाय झाली, तर सोमवारपास्नं शाळा!” बाप म्हणला. “बारक्या पोरांत, पैल्या बाकावर!”

“मंजूर!” म्या म्हणलं. डगल्याला खिसे चार घ्यायचे, हेबी मनात ठरीवलं.

तंवर गाव गोळा झालं. आमच्या गावाला काम नसलं की अक्कल फुटती. पैले आले बाबूराव कारकून, मफलर गुंडाळून. “बॅटरी गारठली असणार.” ह्यांच्या घरात बॅटरी ऱ्हाऊ द्या, साधा कंदील धड पेटत न्हाय! उत्तरेश्वर वाणी म्हणला, “दृष्ट लागली. लिंबू उतरा.”

“कशावरनं उतरू? का पेट्रोलात पिळू?” म्या इचारलं.

मग आले रामकिसन गुर्जी, शाळेचे हेडमास्तर. पांढरंफेक धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. “काय रे, घर्षण म्हणजे काय, सांग बघू.”

“तुमचं अन् माझं, गुर्जी!”

लोक हसले. गुर्जी हसले न्हायत.

उंबऱ्यावर शेगडी घेऊन वकिलांच्या आत्याबाई, द्वारकाबाई, बसल्या हुत्या. त्या म्हणल्या, “रेवण, अरे मी काय म्हणते...”

“आत्याबाई, तुमी कायबी म्हणू नगा. हे मोटारीचं काम हाय, मेतकुटाचं न्हाय.”

त्यांचं रोजचंच हुतं. सांजंला मोटार पुसायला बसलं की प्रश्नांची सरबत्ती. ही का उठत न्हाय, हिला काय होतंय? आदल्या सांजंलाबी म्या वैतागून कायतरी ठोकून दिलं, अन् सुटलो.

म्या तपासणी सुरू केली. टाकीत चिपाड घालून बघितलं, पेट्रोल चार बोटं. प्लग काढले, आत्याबाईंच्या शेगडीवर वांग्यावाणी भाजले.

“रेवण, ऐक तरी...”

“शेगडी फुका तुमी!”

प्लग बसीवले. वकिलांच्या बंबातलं आंघोळीचं कढत पाणी दोन घागरी रेडिएटरात वतलं. वकील पंचा नेसून बघतच राहिले. हँडल मारलं. मोटार एकदाच ‘फुस्स’ म्हणली अन् गप! परत मारलं. हँडलनं उलटा हिसका दिला, माझं मनगट भोपळ्यावाणी सुजलं.

“कळलं! कारबोरेटरात कचरा!” म्या जाहीर केलं. कारबोरेटर खोलला, फुकला, जोडला. एक इस्क्रू उरला. एखादा जादा असतोच. म्या खिशात टाकला.

तरीबी फुस्स!

तेवढ्यात नवाची सर्व्हिस मोटार तुळजापूरला निघून गेली. वकिलांचा चेहरा पडला. बाप माझ्याकडं बघून नुसता पाटी पुसल्यावाणी हात हलवत हुता.

“रेवण, शेवटचं सांगते...” आत्याबाई.

“आत्याबाई! तुमास्नी मोटारीतलं काय कळतं? गप बसा!”

मग म्या हुकूम सोडला, “धक्का! बाजाराच्या उताराला लावा!” वकील पंचा सोडून काळा कोट चढवून चाकावर बसले. बाप, बाबूराव, वाणी, समदे लागले. गुर्जींनीबी काठी ठिवली अन् बरूब्बर मागून जोर लावला. मी बाजूला पळत हुकूम देत हुतो. मिस्त्रीनं धक्का मारायचा नसतो.

उतार लागला. मोटार हिसक्यानं पुढं गेली. गुर्जींचे हात सुटले अन् ते गुडघ्यावर आले. अन् त्याच टायमाला...

धडाम्!

धुराच्या नळीतनं काळा गोळा सुटला, तो थेट गुर्जींच्या तोंडावर! अन् मोटार चालू! अशी डरकाळी फोडली की बाजारातली गाढवं पळाली!

“झाली! म्या केली!” मी नाचायला लागलो. डगला अंगावर चढल्यावाणी वाटलं.

गुर्जी उठले. चष्म्याच्या कडंनं समदं काळं. तो गोळा त्यांनी उलगडला. जुन्या लुगड्याची चिंधी, आत अर्धा शेर कापूस. हुंगून म्हणले, “ह्यात ओवा आहे.”

“तेच सांगत होते मघापासून!” आत्याबाई शेगडीसकट धावत आल्या. “काल हाच म्हणाला ना, आत्याबाई, तिला थंडी बाधती, कानात कापूस घाला! पुढं कान काही सापडेना. मागं एकच होता, तो गच्च बुजवला.”

एवढं गाव जमलेलं, ते मोटार सोडून माझ्याकडं बघाया लागलं.

“पर चालू तर झाली!” म्या वकिलांकडं बघितलं.

वकील चाकावरनंच म्हणले, “झाली. पण ज्याच्या जिभेनं गाडी बंद पडते, त्याच्या हातात ती कशी देऊ रे?” अन् बिगरआंघोळीचेच तुळजापूरला निघून गेले.

बापानं पायताण काढलं न्हाय. नुसता हसला. पायताण परवडलं असतं!

आता मोटार रोज पैल्या हँडलला उठती म्हणं. तो इस्क्रू अजून माझ्या खिशात हाय. लोक म्हणत्यात, वकिलांचं नशीब. लोकांना काय कळतंय? म्या त्यांना सांगणार हुतो की खरी चूक त्या नळीची... पर ऱ्हाऊ द्या. घंटा झाली. गुर्जी वर्गाच्या दारात उभे हायत, अन् पैला बाक रिकामा हाय. जातो.