‘मांक’च्या सात पिढ्या

करपलेलं दूध. लॅटिन. सासूबाईंचा हंबरडा. एक अख्खं वर्ष.

सगळं एकाच दिवसातलं.

कोशवाले शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची मुळं खणत. बायको नर्स, दूर, फ्रेंच मुलखातल्या इस्पितळात. सकाळी तिचा संदेश आला: ‘त्यू म मांक. अर्थ शोधा. आणि अजून वर्षभर राहू की येऊ, ते संध्याकाळच्या आत सांगा.’

अर्थ चुटकीसरशी सापडला: तुमची उणीव भासते. दुसरा कोणीही ‘ये’ लिहून मोकळा झाला असता. कोशवाल्यांनी कचेरीला रजा टाकून घरीच बाह्या सरसावल्या. नुसतं ‘ये’ काय, कोणीही म्हणेल! हिला ‘मांक’च्या सात पिढ्या काढून देतो, मगच उत्तर!

फ्रेंच शब्दाचा बाप इटालियन निघाला, आजोबा लॅटिन. दूध उतू जाऊन करपलं, शेजारीण दार बडवून गेली; कोशवाले आजोबांच्या पायाशी बसलेले. दुपारी त्यांनी बायकोला कळवलं: ‘मुळाशी हात लुळा पडणं आहे. खात्री केली.’

गेलं ते सासरच्या ग्रुपवर.

लगेच सासूबाईंचा फोन. “जावईबापू, पोरीचा डावा की उजवा?”

“लॅटिनमध्ये तसं काही दिलेलं नाही.”

मागून मेव्हणा म्हणाला, “लॅटिन कोण? तिथली डॉक्टर का?”

“छे हो, ती केव्हाच मृत झाली.”

पलीकडे जो हंबरडा फुटला, त्यातून कोशवाल्यांना आपली चूक कळेपर्यंत सासूबाईंनी फोन ठेवला होता आणि इस्पितळाला लावला होता. मग मावशीने लावला. मग मेव्हण्याने, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

रात्री बायकोचाच फोन आला.

“माझे दोन्ही हात जागेवर आहेत. दिवसभर सगळ्यांना तेच सांगतेय.”

“चुकून गेलं गं ते.”

“आणि माझं उत्तर?”

कोशवाल्यांनी रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. “ये,” ते म्हणाले. “घर खायला उठतं.”



“इस्पितळाचं ऑफिस बंद झालं मघाशी. कळवलं नाही, तर वर्ष आपोआप वाढतं.”

मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली.

“बरं,” ती म्हणाली, “त्या लुळेपणाच्याही मागे काय आहे?”

“हात,” कोशवाले म्हणाले. “नुसता हात.”

बघण्याच्या कार्यक्रमात ‘साखर हा शब्द कुठून आला हो?’ असं तिनेच विचारलं होतं.