अहवालातलं दुसरं वाक्य

रोग माणसाच्या शरीरात होत असला, तरी तो झाला आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार नातेवाइकांचा असतो. या तत्त्वानुसार, प्लंबरचं काम करणाऱ्या बाबांचे डोळे पिवळे पडले त्याच दिवशी त्यांच्या बैठकीच्या खोलीत समिती स्थापन झाली. अध्यक्ष आत्या, सदस्य दोन काका, थोरला जावई आणि धाकटी लेक. लेकीच्या कडेवर सात महिन्यांचं बाळ असल्याने तिला मताचा अधिकार नव्हता (तिचं लक्ष नसतं, असं सर्वानुमते ठरलं होतं). तिने फक्त अहवाल वाचून दाखवायचे.

बाबांची पित्तनळी एका जागी आवळली आहे, एवढं स्कॅनमध्ये दिसलं होतं. कशाने आवळली, हे ऑपरेशनआधी कळणं भाग होतं. ऑपरेशन यकृताचा तुकडा काढण्याइतकं मोठं, ते अंदाजाने करून चालत नाही. म्हणून डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घातली, नळीत इवलासा ब्रश फिरवला आणि त्याला लागलेल्या पेशी तपासायला पाठवल्या. समितीने बाबांना "खडा आहे" असं कळवलं. (समितीच्या शब्दकोशात दातदुखीच्या पुढचे सर्व आजार या एकाच नावाखाली येतात.)

अहवाल आला. लेकीने वाचला: "कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. तथापि नमुना अपुरा असल्याने कर्करोग नाकारता येत नाही."

समितीने पहिल्या वाक्याचं मनःपूर्वक स्वागत केलं. दुसरं वाक्य बोजड भाषेच्या कारणास्तव वगळण्यात आलं.

"मी म्हटलंच होतं! आपल्याकडे कुणाला नाहीच मुळी," आत्या म्हणाली.

"पण आत्या, पुढे 'तथापि'..."

"डॉक्टर लोकांचं तथापि असतंच गं. तू बाळाकडे बघ."

बाळ अहवालाचा खालचा कोपरा चघळत होतं.

पुढच्या तासाभरात अठरा फोन झाले. त्यांत अकरा जण आनंदाने रडले, सहा जणांना आधीच खात्री होती आणि एक राँग नंबर होता (त्यानेही अभिनंदन केलं). गुरुवारची पुढची तपासणी रद्द करण्याचा ठराव झाला. धाकट्या काकाने हॉस्पिटलला फोन लावला, तेवढ्यात बाबा हात खाजवत बाहेर आले.

"नमुना कशाने घेतला?"

कुणालाच प्रश्न कळेना. लहानपणी त्यांची हत्यारांची पिशवी उचलणाऱ्या लेकीला मात्र कळला. "ब्रशने, बाबा."

"ब्रशने?" बाबा हसले. "पस्तीस वर्षं तुंबलेले पाइप उघडतोय मी. ब्रशला वरवरचा गाळ लागतो. पाइपालाच काय झालंय ते बघायचं, तर पाइपाचा तुकडा काढावा लागतो."

"दादा, अरे खडा आहे नुसता!" धाकटा काका म्हणाला.

"मग खड्यासाठी अठरा फोन कशाला केलेस?"

काकाच्या हातातला फोन त्यांनी स्वतः घेतला आणि गुरुवार पक्का केला.

गुरुवारी डॉक्टरांनी दुर्बिणीतून आणखी बारीक दुर्बीण थेट पित्तनळीत नेली, आवळलेली जागा डोळ्यांनी पाहिली आणि तिळाएवढ्या चिमट्याने नळीच्या भिंतीचे तुकडे घेतले. (बाबांनी नंतर चिमट्याचं माप विचारलं आणि आदराने मान हलवली.) तुकड्यांत कर्करोग होता, पण अजून काढण्याजोगा होता. समितीने "दुसऱ्या लॅबला दाखवू" असा ठराव मांडेपर्यंत बाबांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली होती.

आत नेताना त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. ती वाकली. "बाळाला कागद खाऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "नेमकं कामाचं वाक्य खाल्लं लबाडाने."

बाबा आता घरी आहेत, डोळ्यांतला पिवळेपणा गेला आहे, आणि स्वयंपाकघरातला गळका नळ त्यांनी परवाच बदलला. समितीच्या दप्तरी "खडा काढला" अशी नोंद आहे.

समितीची सदस्यनोंदणी मात्र बारमाही चालू असते. अर्ज लागत नाही. तुमच्याही कपाटात, साड्यांच्या किंवा फायलींच्या खाली, कुठल्याशा तपासणीचा एक कागद आहे. त्यातलं पहिलं वाक्य तुम्हाला पाठ आहे. दुसरं कोणी खाल्लं म्हणायचं? तुमच्याकडे तर बाळही नाही.