बिनतिखटाची पातोडी

अमरावतीहून बदली होऊन अकोल्यात आलो त्याच दिवशी गाडी लावण्यावरून माझं एका रिक्षावाल्याशी वाजलं. आवाज चढला तशी शेजारच्या फाटकातून साठीच्या पुढची एक बाई आली, तिनं सरळ माझं मनगट धरलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "याच्या पेशी भडकल्या. याचा दोष नाही." वर माझ्या हातात वाटी दिली. पातोडीचा, बेसनाच्या वड्यांचा गरम रस्सा.

या टापरेबाई. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना मॅडम म्हणते आणि टरकून असते. कुणाच्या घरी आवाज चढला की मॅडम वाटी घेऊन हजर, आणि वाटीसोबत धडा.

"पाह्य भाऊ, पांढरी पेशी जंतूवर भडकते, चांगलंच हाय. पण भडकतच राह्यली तं आपलंच घर जाळते. मंग दुसरी पेशी शांत व्हायचा निरोप धाडते. निरोप म्हंजे एक रेणू, तो या भडकलेलीच्या दाराले लागते, आत सांगावा जाते, अन् आग लावणाऱ्या जीनांचं काम मंदावते. जीन कुठी जात नाही. फक्त त्याचं वाचणं थांबते. आग आवरणारे जीन मात्र जागे होते."

"आणि दारच बंद असलं तर?"

"तं निरोप बाहेरच राह्यते."

हे सगळं ठीक. पण वऱ्हाडी बाईच्या रश्श्यात तिखटाचा कण नसावा? माझ्या बायकोला तर धक्काच बसला. विचारलं तर म्हणे, "तिखटानं पेशी भडकते." आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईनं अशी थाप मारावी, याचा मला रागच आला.

परवा भाऊबीजेच्या दुपारी त्यांच्या फाटकाशी एक वयस्क गृहस्थ उभे दिसले. त्यांना पाहून मॅडमनी आतून धाडकन कडी घातली. मग खिडकीतून मला आवाज आला, "भाऊ, त्याले सांग, बाई घरी नाही." मी चाटच पडलो.

"मी तिचा लहान भाऊ, जुन्या शहरात राह्यतो," ते म्हणाले. "आईच्या शेवटच्या दुखण्यात आलो नाही. चुकलं माहं. तवापासून ती दार उघडत नाही. दरसाल येतो, अन् वापस जातो."

मी त्यांना माझ्या ओट्यावर बसवलं. घरात मॅडमनी सकाळीच दिलेली वाटी होती, ती पुढे केली. "तिखट नाही हं यात. चालेल?"

एक घास घेतला आणि ते थांबले. "मले लहानपणापासून तिखट सोसत नाही. आई माह्यासाठी वेगळी काढे. अशीच."

म्हणजे इतकी वर्षं अख्खी गल्ली या माणसाच्या वाटणीचं खात होती, आणि मी वर नावं ठेवत होतो. मग माझं डोकंच फिरलं. जाऊन मॅडमचं दार बडवलं.

"मॅडम, निरोप माझ्या ओट्यावर बसलाय. तुमचीच पातोडी खातोय."

मग कडी निघाली. मॅडम उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. ओट्याकडे न पाहता मला म्हणाल्या, "थंडी पातोडी कावून खाऊन राह्यला तो? आत गरम हाय म्हण त्याले."